गाडी उचलली, पण गोळा तिथेच

मारुतीची जिम्नी ही छोटी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतलेल्या एका मित्राने पावसाळ्याच्या तोंडावर विचारलं, "लिफ्ट दोन इंचाची टाकू की तीन?" लिफ्ट म्हणजे गाडीची उंची वाढवणं. मी त्याला आधी गाडीखाली आडवं व्हायला सांगितलं. मागच्या चाकांना जोडणाऱ्या जाड ॲक्सलमध्ये लोखंडाचा एक फुगीर गोळा दिसतो, तो डिफरन्शियल. अशा गाडीत जमिनीच्या सगळ्यात जवळ बहुधा तोच असतो. लिफ्ट किटमधल्या लांब स्प्रिंगा बसतात त्या ॲक्सल आणि चासी यांच्या मधे. म्हणजे वर जाते ती चासी. ॲक्सल चाकांवर उभा असतो, त्याला या उंचीचा पत्ताही लागत नाही. काल ज्या दगडाला गोळा घासला, त्यालाच तो तीन इंचांच्या लिफ्टनंतरही घासणार.

गोळा वर नेतो तो टायर, आणि तोही निम्म्याच हिशेबाने. जिम्नीचा मूळ टायर 195/80 आर 15, त्याचा व्यास सुमारे 693 मिलिमीटर. त्याजागी 235/75 आर 15 घातला तर व्यास 733 च्या आसपास जातो. वाढ 40 मिलिमीटरची, पण ॲक्सल टायरच्या मध्यावर असल्यामुळे गोळा फक्त 20 मिलिमीटर वर येतो. शिवाय चाकाच्या एका फेरीत गाडी जवळपास 6 टक्के जास्त अंतर कापते. त्या प्रमाणात स्पीडोमीटर मागे पडतो आणि चढावर प्रत्येक गिअर थोडा जड वाटतो.

मग लिफ्ट घ्यायची कशाला? मोठा टायर मडगार्डला न घासता फिरावा म्हणून. शिवाय पोट आणि बंपर वर जातात. दोन्ही ॲक्सलच्या मधे येणारा उंचवटा किती तीव्र असला तरी पोट न टेकता पार होईल, ते सांगणारा ब्रेकओव्हर कोन जिम्नीत 24 अंश आहे. पोट 5 सेंटीमीटर उचललं की तो साधारण 28 होतो. बांध ओलांडताना हे चार अंश नक्की जाणवतात. म्हणून क्रम असा हवा: आधी टायर ठरवा, मग त्याला लागेल तेवढीच लिफ्ट. बहुतेक जण उलटीकडून सुरुवात करतात, कारण उचललेली गाडी पार्किंगमध्ये रुबाबदार दिसते.

आता या उंचीच्या मागोमाग काय काय येतं ते पाहू. मॉलमधल्या ट्रॉलीचं चाक ढकलल्या दिशेला आपोआप वळतं, कारण त्याचा टेकू फिरण्याच्या आसाच्या मागे असतो. गाडीची पुढची चाकं ज्या आसाभोवती वळतात, तोही त्याच कारणाने थोडा मागे झुकवलेला असतो. हा कॅस्टर कोन. वळणानंतर स्टिअरिंग हातातल्या हातात सरळ होतं ते त्याच्यामुळे. जिम्नीचा पुढचा ॲक्सल चासीतून येणाऱ्या दोन लांब दांड्यांना घट्ट बांधलेला आहे. चासी वर गेली की दांड्या खाली झुकतात आणि ॲक्सलला सोबत फिरवतात. दांडी 80 सेंटीमीटरची धरली आणि उचल 5 सेंटीमीटरची, तर हा फेर साडेतीन अंशांचा होतो. कॅस्टरचे एकूण अंशच मोजके, त्यातले साडेतीन गेले तर हायवेवर गाडी सैरभैर होते. गॅरेजवाला अलाइनमेंट करून देतो म्हणाला तरी विश्वास ठेवू नका. अशा ॲक्सलवर कॅस्टर फिरवून लावायची सोयच नसते. त्यासाठी मध्यापासून सरकवलेल्या छिद्राचे कॅस्टर बुश वेगळे घ्यावे लागतात.

ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा पॅनहार्ड रॉड तिरका बसवलेला असतो. उंची वाढली की तो आणखी तिरका होतो आणि ॲक्सल काही मिलिमीटर एका बाजूला ओढला जातो. लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड त्यासाठीच विकतात. ब्रेकचे होज पाईप मात्र न विचारता लांब घ्या.

इंजिनाची ताकद ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या लांब दांड्याचं, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचं, दुखणं जास्त मजेशीर आहे. त्याच्या टोकाचा क्रॉस जॉइंट कोनात फिरत असला की एका बाजूने एकसारखा वेग दिला तरी दुसऱ्या बाजूला प्रत्येक फेरीत दोनदा वेग वाढतो आणि दोनदा कमी होतो. 10 अंशांच्या कोनात ही कमी-जास्त दीड टक्का असते, 20 अंशांत सहा टक्के. दोन टोकांचे दोन जॉइंट, कोन सारखे असले की एकमेकांची गडबड खोडून काढतात. लिफ्टने कोन वाढतात आणि ॲक्सल फिरला असेल तर ते सारखेही राहत नाहीत. ठरावीक वेगाला गाडी गुणगुणायला लागते ती इथून.

शॉकॲब्सॉर्बर जुनेच ठेवून नुसत्या स्प्रिंगा बदलणारेही खूप. समजा चाकाला एकूण आठ इंच हालचाल आहे, चार वर, चार खाली. दोन इंच उचलल्यावर खाली जायला दोनच इंच उरतात. खड्ड्यात चाक जमिनीपर्यंत पोचत नाही, लटकतं, आणि लटकलेलं चाक नुसतं गरगर फिरतं. पैसे मोजून पकड कमी करून घेतल्यासारखंच. स्प्रिंगेचा कडकपणाही वजन पाहून घ्यावा. विंच आणि लोखंडी बंपर धरून बनवलेली स्प्रिंग रिकाम्या गाडीत घातली तर ती दबतच नाही आणि पाठीचे मणके मोजत घाट उतरावा लागतो.

नाशिकमध्ये बनणाऱ्या महिंद्रा थारचं गणित वेगळं. 2020 पासूनच्या थारला पुढे अखंड ॲक्सल नाही, प्रत्येक चाक स्वतंत्र. तिथे स्ट्रटचं, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरच्या जोडखांबाचं, खालचं टोक चाकापाशी नसून चाक धरणाऱ्या आर्मच्या अधेमधे जोडलेलं असतं, म्हणून अशा रचनेत स्ट्रटवर ठेवलेला एक इंच जाडीचा स्पेसर चाकाशी बऱ्याचदा दोन इंचांच्या आसपास उचल देतो. स्वस्तात मस्त वाटतं खरं. पण पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट आता सतत वाकलेले राहतात, आणि चाक पूर्ण खाली लटकल्यावर तर त्यांच्या मर्यादेजवळ जातात. रबरी बूट फाटला की ग्रीस बाहेर, लाल चिखल आत.

उलटण्याचा हिशेब कागदावरही करता येतो. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर 140 सेंटीमीटर आणि गुरुत्वमध्य समजा 65 सेंटीमीटरवर, तर गाडी 47 अंशांपर्यंत कलून तग धरेल. लिफ्ट आणि टायर मिळून गुरुत्वमध्य साडेसहा सेंटीमीटर चढला की ही मर्यादा 44 च्या जवळ येते. हे कागदावरचं. प्रत्यक्षात उतारावर खालच्या बाजूच्या स्प्रिंगा आणि टायर दबतात, त्यामुळे गाडी बरीच आधी जाते. त्यात टपावर भरलेले जेरीकॅन असले तर विचारायलाच नको.

कायद्याचंही आधीच पाहून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या, म्हणजे उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये तेच म्हटलं. विमा कंपनीचा माणूस अपघातानंतर गाडी पाहायला येतो, तेव्हा बाहेरून घातलेल्या पिवळ्या स्प्रिंगा त्याला लांबूनच दिसतात.

मित्राने शेवटी मूळ मापाचेच, जाड नक्षीचे टायर घेतले आणि गोळ्याखाली एक पोलादी पत्रा बसवला. दगडाला तो अजूनही घासतो, आवाज मात्र बदललाय.