मोठ्या कणसाचे बी आणि मक्याचे उत्पादन

सर्वांत मोठे, टपोऱ्या दाण्यांचे कणीस बियाण्यासाठी राखून ठेवले की पुढच्या हंगामात उत्पादन वाढते, ही समजूत फार जुनी आहे आणि ती पटण्याजोगीही वाटते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कणसांची प्रदर्शने भरत, सरळ ओळींच्या आणि टोकापर्यंत भरलेल्या कणसांना बक्षिसे मिळत. तरीही १९३०च्या दशकापर्यंत तिथले मक्याचे एकरी उत्पादन जवळजवळ जागच्या जागी राहिले.

निवड मुळातच निष्फळ असते, असा याचा अर्थ नाही. इलिनॉय विद्यापीठात सिरिल हॉपकिन्स यांनी १८९६ साली १६३ कणसांपासून एक प्रयोग सुरू केला. तेव्हा दाण्यातील तेल सरासरी ४.७ टक्के होते. दर पिढीत अधिक तेलाची कणसे निवडत गेल्यावर शंभर पिढ्यांनंतर ते २० टक्क्यांच्या आसपास पोहोचले. मग तेल वाढले, पण उत्पादन का वाढले नाही?

तेलाचे प्रमाण प्रयोगशाळेत मोजता येते आणि ते बऱ्याच अंशी जनुकांवर ठरते. एका ताटाचे उत्पादन मात्र जमिनीचा कस, ओलावा आणि शेजारच्या ताटांची गर्दी यांवर इतके अवलंबून असते की, शेजारी रिकामी जागा राहिल्यामुळे पोसलेले कणीस आणि चांगल्या जनुकांमुळे पोसलेले कणीस यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही. शिवाय मक्याचे पराग वाऱ्यावर जातात. त्यामुळे कणसाची आई ठाऊक असते, बाप नसतो.

यावरचा उपाय म्हणजे आवर्ती निवड. तिच्यात ताटाची परीक्षा त्याच्या रूपावरून न करता संततीवरून करतात. प्रत्येक ताटाचा एका ठरावीक वाणाशी संकर करून ती संतती अनेक ठिकाणी पेरतात आणि त्याच ताटाचे स्वपरागीभवनाने मिळालेले बी राखून ठेवतात. ज्यांची संतती सरस ठरली, त्यांचे राखीव बी पेरून त्या झाडांचे आपसांत संकर करतात. त्यातून नवा समुदाय तयार होतो आणि पुढची फेरी सुरू होते.

मला या पद्धतीचे खरे सौंदर्य तिच्या गणितात दिसते. समजा, उत्पादन फक्त २० जनुकांवर ठरते आणि प्रत्येक जनुकाचे हितकारक रूप समुदायात ५० टक्के प्रमाणात आहे. एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती हितकारक असण्याची शक्यता एक चतुर्थांश. ती विसांच्या विसांबाबत जुळून येण्याची शक्यता सुमारे एक लाख कोटींत एक. असे झाड कोणत्याही शेतात शोधून सापडणार नाही. पण फेरीमागून फेरी निवड करून प्रत्येक हितकारक रूपाचे प्रमाण ९० टक्क्यांवर नेले, तर तेच झाड सुमारे ६८ झाडांत एक मिळते. एकही नवे जनुक न आणता, केवळ प्रमाणे बदलल्याने अशक्यप्राय झाड आटोक्यात येते. प्रत्यक्षात जनुके याहून कितीतरी अधिक असतात, काही गुणसूत्रावर एकमेकांना जोडलेली असतात आणि फारच थोडी ताटे निवडली तर चांगली रूपेही योगायोगाने हरवतात. तरी गाभा हाच आहे. म्हणूनच एका अवाढव्य कणसाचे छायाचित्र दाखवून चमत्कारी बियाण्याची जाहिरात कोणी केली, तर त्या छायाचित्रावरून वाणाच्या गुणवत्तेविषयी काहीही सिद्ध होत नाही.

आयोवात जॉर्ज स्प्रेग यांनी १९३०च्या दशकात १६ शुद्ध वाणांच्या (पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागीभवन करून एकसारख्या केलेल्या वाणांच्या) संकरातून न लोळणाऱ्या, भक्कम ताटांचा एक समुदाय तयार केला. त्यावर निवडीच्या पाच फेऱ्या झाल्यानंतर बी-७३ हा शुद्ध वाण निघाला. तो १९७२ साली प्रसारित झाला, असंख्य संकरित वाणांचा जनक ठरला आणि २००९ साली प्रसिद्ध झालेला मक्याचा जनुकीय आराखडाही त्याचाच होता.

संकरित वाण आणि नत्रखत यांच्या जोडीने अमेरिकेतील उत्पादन पुढे कित्येक पटींनी वाढले, पण ते कणसे मोठी झाल्यामुळे नव्हे. १९३०च्या दशकात हेक्टरी सुमारे ३० हजार झाडे असत, आज ती ८० हजारांच्या आसपास असतात. निवडीने झाडाला दिले ते दाटीत उभे राहूनही कणीस भरण्याचे बळ.