तहान हा शब्द कोरडा, भूक मात्र इच्छेची

आपण 'तहानभूक' असं एका दमात बोलून टाकतो, तहानभूक हरपून कामाला लागतो, त्यामुळे हे दोन शब्द सख्खी भावंडं असतील असंच वाटतं. पण खोदून बघितलं तर दोघांची घराणी वेगळी निघतात.

भूक आली 'बुभुक्षा'वरून. संस्कृतात 'अमुक करायची इच्छा' सांगायला धातूचं पहिलं अक्षर दोनदा घेऊन शब्द बनवायची एक भारी सोय आहे, ज्ञा पासून जिज्ञासा म्हणजे जाणून घ्यायची इच्छा, श्रु पासून शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकायची इच्छा (सेवेचा अर्थ नंतर चिकटला), तसंच भुज् पासून बुभुक्षा, खायची इच्छा. ती घासून घासून भूक झाली. आणि 'पा' म्हणजे पिणे, त्यापासून पिपासा, पिण्याची इच्छा. तीच पुढे हिंदीत प्यास झाली. म्हणजे हिंदीवाल्यांची भूख आणि प्यास एकाच साच्यातली, आपण मात्र पिपासा रक्तपिपासू आणि सत्तापिपासू लोकांसाठी ठेवून दिली आणि रोजच्या वापराला दुसराच शब्द घेतला.

तो दुसरा म्हणजे तृष्णा. तृणाचं जसं तण झालं तसं तृष्णाचं प्राकृतात तण्हा झालं, 'ष्ण'चा 'ण्ह' होणं तर नेहमीचंच, कृष्णाचा कण्ह आणि मग कान्हा, उष्णचं उण्ह आणि मग आपलं ऊन. तण्हाचं मराठीत तान्ह झालं, त्यातल्या 'ह'ने 'न'च्या पुढे उडी मारली आणि तहान तयार! गावाकडे 'तान लागली' म्हणतात त्याला शहरातले लोक अशुद्ध समजतात, पण त्यात अशुद्ध काही नाही, तीच वाट जरा वेगळ्या वळणाने गेलीय एवढंच. गुजरातीत तहानेला तरस म्हणतात, हिंदीत तरसना म्हणजे एखाद्या गोष्टीसाठी झुरणं, ही सगळी याच तृष् धातूची मंडळी. (आपल्या जंगलातला तरस यात येत नाही बरं, तो तरक्षु या शब्दाचा वंशज.)

आता गंमत म्हणजे या तृष् च्या मुळाशी पिणं नाहीच, तिथे आहे सुकणं, कोरडं पडणं. भाषाशास्त्रज्ञ याचं मूळ 'तेर्स' असं मांडतात आणि त्याच मुळाची पोरं युरोपभर पसरलीत. इंग्रजी थर्स्ट, जर्मन डुर्स्ट, आणि फारसीतला तिश्ना, ज्याच्यावरून गझलेतली तिश्नगी आली. लॅटिनमध्ये याचाच एक शब्द भाजून सुकवणे या अर्थाचा, त्याच्यापासून टोस्ट आला. दुसरा तेर्रा, म्हणजे कोरडी ती जमीन, आणि तिच्यापासून वळसे घेत आपल्या बिल्डिंगची टेरेस. म्हणजे तहान, टोस्ट आणि टेरेस लांबच्या नात्यातले निघाले!

अर्थाचंही मजेशीर झालंय. पाली भाषेत तण्हा म्हणजे बुद्धाच्या दुसऱ्या आर्यसत्यातली दुःखाचं कारण असलेली हाव. मराठीतही तृष्णा म्हटलं की लालसाच आठवते, पण त्याच शब्दाचं झिजलेलं रूप तहान मात्र साध्या पाण्यावर टिकून राहिलं. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वरुणाचं एक सूक्त आहे (7.89), त्यात गाणारा म्हणतो की पाण्याच्या मधोमध उभा असूनही मला तृष्णेने गाठलं. त्याला कुठली तहान म्हणायची होती यावर हवी तेवढी चर्चा करा, पण समुद्रात अडकलेल्या माणसाचं अगदी असंच होतं, कारण समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, आपल्या किडनीला एवढी खारट लघवी करताच येत नाही, मग ते मीठ बाहेर टाकायला शरीर स्वतःचंच पाणी खर्च करतं आणि जेवढं प्यावं तेवढी तहान वाढत जाते.

इथे खरा प्रश्न येतो की तहान म्हणजे कोरड की इच्छा? अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1918 च्या सुमारास कोरडीच्या बाजूने कौल दिला, तोंड-घसा सुकला की तहान लागते असं त्यांचं म्हणणं. पण त्याच्या कितीतरी आधी फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी प्राण्यांवर असे प्रयोग केले होते की प्यालेलं पाणी अन्ननलिकेतूनच बाहेर पडेल, पोटात जाणार नाही. तोंड छान ओलं, तरी प्राणी आपले पीतच राहिले. पुढे 1950 च्या दशकात स्वीडनच्या बेंग्ट अँडरसन यांनी बकऱ्यांच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमस भागात मिठाचं द्रावण थेंबभर सोडलं, तर गरज नसताना त्या बकऱ्या घटाघटा पाणी प्यायला लागल्या. म्हणजे घसा नाही, मेंदू मोजतोय, आणि मोजतोय तो रक्ताचा दाटपणा, म्हणजे रक्तातल्या पाण्याच्या मानाने मीठ वगैरे किती आहे ते. तो नेहमीपेक्षा एक-दोन टक्क्यांनी जरी वाढला तरी तिथल्या पेशी आकसतात, तहान लागते आणि सोबत व्हासोप्रेसिन हे हार्मोन सुटून किडनी पाणी धरून ठेवते. खारट खाल्ल्यावर पाणी पाणी होतं ते यामुळे, शरीरातलं पाणी कमी झालेलं नसतं, मीठ वाढलेलं असतं. खूप रक्त गेलं तर वेगळी यंत्रणा चालू होते, ती दाटपणाकडे बघत नाही, एकूण रक्त कमी झालंय हे बघते.

2015 साली तर उंदरांच्या मेंदूतल्या ठराविक पेशी प्रकाशाने चालू करून, पोटभर पाणी प्यालेल्या उंदरांना लगेच पाण्याकडे पळवून दाखवलं. घसा कोरडा असण्याचा तिथे काही संबंधच नव्हता, होती ती निव्वळ पिण्याची इच्छा, त्यामुळे व्युत्पत्तीच्या या भांडणात मी तरी पिपासाला मार्क देईन.

कोरडीला अगदीच हाकलून पण चालत नाही. आपण पाणी पितो आणि मिनिटभरात 'बास' वाटतं, खरं तर ते पाणी रक्तात नीट पोचायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तोंड, घसा आणि पोटाकडून आलेल्या निरोपांवर मेंदू आधीच अंदाज बांधून तहान बंद करतो, आणि तो अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो.

वय वाढलं की मात्र हे गणित ढिलं पडतं. म्हाताऱ्या माणसांचा रक्ताचा दाटपणा वाढला तरी तहान उशिरा लागते, आणि उलट बऱ्याच औषधांनी तोंड सुकतं पण पाणी कमी झालेलं नसतं, म्हणून डॉक्टर घरातल्या वयस्कर माणसांना 'तहान लागेल तेव्हा प्या' असं सांगत नाहीत, ठरलेल्या वेळी थोडं थोडं प्यायला सांगतात. फक्त हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारायचं.