चिमूर रेडिओवर आहे, मग पुढचे मोर्चे कुठे गेले? : पार्श्वभूमी

रेडिओच्या संग्रहात विदर्भातला 1942 चा लढा ऐकू येतो, पण स्वातंत्र्यानंतरचे इथले मोर्चे ऐकू येत नाहीत. असे का, त्याची ही पार्श्वभूमी. चिमूर आणि आष्टी ही नावे रेडिओवर पहिल्यांदा उच्चारली गेली तेव्हा नागपूरला आकाशवाणीचे केंद्रच नव्हते. ते 16 जुलै 1948 ला सुरू झाले. 16 ऑगस्ट 1942 च्या नागपंचमीला विदर्भातल्या या दोन गावांत ‘छोडो भारत’ आंदोलनाचा उठाव झाला, हे इकडच्या वाचकाला सांगायला नको. त्यानंतर पोलिसांनी आणि लष्कराने केलेल्या अत्याचारांबद्दल लिहायला वर्तमानपत्रे धजत नव्हती. तेव्हा मुंबईत लपूनछपून चालणाऱ्या, 42.34 मीटरवरच्या ‘काँग्रेस रेडिओ’ या भूमिगत केंद्राने ते सविस्तर सांगितले. ऑगस्टमध्ये सुरू झालेले हे केंद्र 12 नोव्हेंबरला पोलिसांनी प्रक्षेपण चालू असतानाच पकडले. (12 नोव्हेंबरला आज लोकप्रसारण दिन पाळतात, पण तो 1947 सालचा: गांधीजी दिल्लीच्या केंद्रात येऊन बोलले तो दिवस. पाच वर्षे आधी त्याच तारखेला पडलेली धाड फारशी कुणाला आठवत नाही.) त्याच नोव्हेंबरात चिमूरच्या चौकशीसाठी सेवाग्रामच्या एका आश्रमवासीयांनी उपोषण धरले. ते 63 दिवस चालले. त्याच्या बातम्यांवरही बंदी आली, म्हणून 6 जानेवारी 1943 ला देशभर वृत्तपत्रांनी हरताळ पाळला.

त्या भूमिगत प्रक्षेपणातले आज हाताशी आहे ते मुख्यतः कागदावर. पोलिस रोज रात्री कान लावून बसत आणि ऐकलेले टिपून घेत. ही टिपणे खटल्यासाठी जपली गेली. ज्यांना ते केंद्र बंद पाडायचे होते त्यांच्याच दफ्तरामुळे आपल्याला चिमूरची बातमी वाचता येते. पण ही टिपणे इंग्रजीत, आणि मूळ प्रक्षेपण हिंदुस्थानीत आणि इंग्रजीत. झाडीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, माणसाची बोली त्यात कुठेच नाही. बर्लिनहून सुरू झालेल्या आझाद हिंद रेडिओवर मराठीतूनही बातम्या होत. त्या विदर्भात किती जणांनी ऐकल्या असतील याचा अंदाज रेडिओसंच तेव्हा कुणाकडे होते यावरूनच बांधावा.

मग आपण ज्याला ‘बेचाळीसचा आवाज’ म्हणतो तो कुठून आला? तो बहुतेक नंतरचा आहे. ध्वनिफीत आली, केंद्रे वाढली आणि स्वातंत्र्याची 25, 50 अशी वर्षे जवळ येऊ लागली, तशा म्हाताऱ्या सत्याग्रहींच्या मुलाखती घेतल्या गेल्या. तुरुंगात विशीत गेलेला माणूस साठी-सत्तरीला पोचल्यावर बोलतो आहे. मधल्या काळात ताम्रपट आले, 1972 मध्ये स्वातंत्र्यसैनिकांचे निवृत्तिवेतन आले. त्या निवृत्तिवेतनासाठी सुरुवातीला किमान सहा महिने तुरुंगवासाची अट होती, त्यामुळे किती दिवस आत होतो हे सांगण्याला आपोआप वजन आले. जी बाई निरोप पोचवत होती, भाकऱ्या पुरवत होती, तिच्याकडे दाखवायला कागद नव्हता. माझ्या मते या मुलाखती ऐकताना हे ध्यानात ठेवावे. त्या खोट्या नाहीत, पण त्या 1942 च्या नाहीत.

इथपर्यंत ठीक. अडचण 1947 नंतर सुरू होते, आणि ती यंत्राची नाही. यंत्र तर उलट सुधारत गेले. अडचण नियमाची.

1967 ला अनेक राज्यांत वेगवेगळ्या पक्षांची सरकारे आली आणि मुख्यमंत्र्याने रेडिओवर केंद्राविरुद्ध बोलावे की नाही यावरून वाद पेटला. त्यातून आकाशवाणीची प्रसारण संहिता तयार झाली. मित्रराष्ट्रांवर टीका नको, धर्मांवर हल्ला नको, अश्लील आणि बदनामीकारक नको, हिंसेला चिथावणी नको, न्यायालयाचा अवमान नको, राष्ट्रपती, राज्यपाल, न्यायसंस्था यांच्या सचोटीवर शिंतोडे नकोत. याबद्दल फारसे भांडण नाही. भांडण आहे ते आणखी दोन अटींचे. राजकीय पक्षाचे नाव घेऊन हल्ला नको, आणि केंद्र वा कोणत्याही राज्य सरकारवर वैरभावाची टीका नको. संहितेला पुस्तीही होती की रोख वैयक्तिक शिवीगाळीवर आहे, धोरणांची निर्विकार चर्चा करायला हरकत नाही.

संहितेची बाजू घेणारे या पुस्तीकडे बोट दाखवतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. रेडिओ एकटा सरकारच्या हातात असताना, सत्तेवरच्या पक्षाने विरोधकांना नावानिशी झोडपू नये, याचा फायदा विरोधकांनाही होता. पण निर्विकार कोणाला म्हणायचे हे केंद्रातला अधिकारी ठरवणार, आणि भाषण आधी लिहून मंजूर करून घ्यावे लागणार. तहसील कचेरीवर मोर्चा घेऊन गेलेला कापूस उत्पादक निर्विकार कसा असेल? त्याचे सगळे म्हणणे राज्य सरकारशी. 1972 पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती, म्हणजे भाव देणारे, माप करणारे आणि चुकारा अडवणारे सारे सरकारच. त्याने सरकारचे नाव घेतले तर ते वैरभावाचे, न घेतले तर बोलण्यात उरते काय? ‘शेतकऱ्यांच्या अडचणी’ हा रेडिओचा लाडका विषय असाच तयार झाला. त्यात अडचण असते, पण ती आणणारा कुणी नसतो.

1942 च्या सत्याग्रहीला ही कात्री लागत नव्हती. त्याचे सरकार लंडनचे होते, आणि ते गेलेले होते. म्हणून मुक्तिलढ्याचा जो ध्वनिसंग्रह बनला त्यात इंग्रजांवरचा राग मोकळेपणाने ऐकू येतो, आणि नंतरचा राग येत नाही. याला कट म्हणण्याचे कारण नाही. एक साधी अट वर्षानुवर्षे पाळली की संग्रहाला आपोआप तिचाच आकार येतो.

यात काय काय निसटले? स्वतंत्र विदर्भाची मागणी, जी 1955 च्या राज्य पुनर्रचना आयोगाने मान्य करण्याची शिफारस केली होती. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला आणि दोनच दिवसांनी चंद्रपूरला झालेल्या धम्मदीक्षेनंतर खेड्याखेड्यांत जे बदलले ते. बाबासाहेबांची आकाशवाणीवरची आणि परदेशी रेडिओंवरची भाषणे, मुलाखती उपलब्ध आहेत. गावातल्या वस्तीत काय बोलले गेले ते नाही. नोव्हेंबर 1979 मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी दीक्षाभूमीवरून निघालेला लाँग मार्च विदर्भातल्या गावांमधून चालत गेला आणि बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णेच्या पुलापाशी अडवला गेला. ऐंशीच्या दशकात गडचिरोलीत इचमपल्ली आणि भोपालपटनम धरणांविरुद्ध आदिवासी उभे राहिले. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्याच मुलखातली.

रेडिओच्या ग्रामीण प्रयोगांतही विदर्भ उशिराच आला. 1956 मध्ये 150 गावांत शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांचा जो गाजलेला प्रयोग झाला, तो पुणे, नगर, नाशिक, सातारा, कोल्हापूर या बाजूचा. आपण तेव्हा मध्य प्रदेशात होतो. यवतमाळ, चंद्रपूर, अकोल्याची स्थानिक केंद्रे फार नंतरची.

या निसटलेल्या गोष्टी राहिल्या असतील तर कॅसेटवर. टेपरेकॉर्डर गावात पोचला तेव्हा लाऊडस्पीकरवाल्याच्या ॲम्प्लिफायरमधून एक वायर काढली की सभा टेप होत असे. मंजुरी कुणाची लागत नव्हती. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची, म्हणून भाषण नेमके रंगात आले की तुटते आणि दुसऱ्या बाजूला मधूनच सुरू होते. नव्वद मिनिटांची घेतली तर फीत पातळ, ताणली जाते. मागच्या कडेची छोटी पट्टी मोडली नसेल तर सभेवर पुढे कुणीतरी लग्नाची गाणी भरलेली असतात. त्यातून उन्हाळ्यात 45 अंश आणि पावसाळ्यात ओल, म्हणजे बुरशी ठरलेली. आकाशवाणीच्या फिती निदान वातानुकूलित खोलीत होत्या. वऱ्हाडीत आणि झाडीबोलीत सरकारला तोंडावर सुनावणारा माणूस मात्र पत्र्याच्या पेटीत पडून राहिला.

1977 च्या निवडणुकीत पक्षांना पहिल्यांदा रेडिओवर वेळ मिळाला, पण ती सोय पक्षांची. चळवळी बाहेरच राहिल्या. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे म्हटले. 2006 च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवता येऊ लागला, तरी स्वतःच्या बातम्या आणि राजकारण यांना तिथे मज्जाव राहिला. खासगी एफएमलाही आकाशवाणीच्याच बातम्या लावता येतात.

आता जुन्या फिती संगणकावर उतरवण्याची कामे चालू आहेत, आणि त्यात हक्कांचा गुंता आहे. कॉपीराइट कायद्यात प्रसारणाचा हक्क 25 वर्षांचा, पण ध्वनिमुद्रणाचा 60 वर्षांचा. 1992 मध्ये प्रसारित झालेल्या मुलाखतीवरचा पहिला हक्क 2017 ला संपला, दुसरा 2052 पर्यंत चालेल. गावातल्या सभेच्या कॅसेटवर हक्क कुणाचा, भाषण करणाऱ्याचा, टेप करणाऱ्याचा की पैसे देणाऱ्या मंडळाचा, हे त्या वेळी कुणी लिहून ठेवलेले नसते.