कोकणातल्या सर्व्हरला कोमट पाणीच बरं

नवी मुंबईत ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरं, म्हणजे इंटरनेटचा डेटा सांभाळणाऱ्या संगणकांच्या (सर्व्हरच्या) इमारती, वाढताहेत, तसं एक मत सारखं कानावर येतं: समुद्र आहे, वारा आहे, मग सर्व्हर गार ठेवायला वीज कशाला जाळायची? खिडक्या उघडा, पाणी फवारा.

एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे 24 लाख ज्यूल उष्णता नेतं, म्हणजे विजेच्या दोन तृतीयांश युनिटाएवढी. पण पाणी किती उडणार, हे हवेत आधीच किती बाष्प आहे त्यावर ठरतं. तापमापीच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पारा उतरत जिथे थांबतो, ते वेट बल्ब तापमान. नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने हवा त्याखाली जात नाही. नागपुरात 42 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल तर हा आकडा 24 च्या आसपास येतो. रत्नागिरीत 33 अंश आणि 75 टक्क्यांना तो 29! म्हणूनच नागपुरात सुखावणारा कूलर रत्नागिरीत अंग चिकट करून सोडतो. शिवाय खारा वारा. खिडकीचे गज खाणारं मीठ सर्किटमधल्या तांब्याला कसं सोडेल?

‘सर्व्हर समुद्रात बुडवा’ या बातमीनेही हुरळून जाऊ नये. मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये 864 सर्व्हर बुडवले ते स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांजवळच्या थंडगार पाण्यात. आपल्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी वर्षातला बराच काळ 28 अंशांच्या आगेमागे असतं.

खरी गंमत पुढे आहे. चिप स्वतः 70 अंशांनाही व्यवस्थित चालते. गार हवा लागते, कारण हवा उष्णता फार थोडी वाहून नेते. ती गार करायला कॉम्प्रेसर लागतो, आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातलं अंतर जितकं जास्त, तितकी तो वीज खातो. तेवढ्याच आकारमानाचं पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता नेतं. चिपवर तांब्याची पोकळ पट्टी बसवून तिच्यातून 40 अंशांचं पाणी खेळवलं, तरी चिप सुरक्षित राहते. पाणी 48 अंशांनी बाहेर येतं आणि 33 अंशांच्या दमट हवेतही साध्या रेडिएटर-पंख्यावर निवतं. कॉम्प्रेसर नको, पाणी उडवणंही नको. जर्मनीत म्युनिकजवळ गार्शिंगच्या सुपरएमयूसी महासंगणकाने 2012 मध्येच कोमट पाण्याची ही पद्धत वापरली.

डिस्क, पॉवर सप्लाय हे भाग सहसा हवेवरच राहतात, तेवढ्यापुरता एसी ठेवावा लागतो. आणि हे नळ इमारत बांधतानाच घातलेले बरे. चालू सेंटरमध्ये ते नंतर घुसवणं फार खर्चाचं पडतं.