उतरते छप्पर आणि धाबे

घराचे छप्पर उतरते असावे की सपाट, हा प्रश्न महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सह्याद्रीनेच सोडवला होता. घाटाखाली कोकणात वर्षाला साधारण 2500 ते 3500 मिमी पाऊस. तिथे कौलारू घर. घाट ओलांडून सोलापूर, अहिल्यानगर, धुळ्याकडे गेले की पाऊस 500 ते 700 मिमीवर येतो. तिथे मातीचे सपाट छप्पर, म्हणजे धाबे किंवा माळवद. सिमेंटच्या स्लॅबने ही सीमा पुसली आणि निवड घरमालकावर आली.

कौलारू छपराची दोन पाखी, म्हणजे उतरत्या बाजू, मधल्या आढ्यापासून खाली उतरतात. वाशांवर रिपा म्हणजे आडव्या लाकडी पट्ट्या, रिपांवर कौले. कौलांचे सांधे उघडेच असतात. हे छप्पर पाणी अडवत नाही, त्याला थांबायला वेळ देत नाही. म्हणून उतार 25-30 अंशांपेक्षा कमी ठेवला की वाऱ्याची झड कौलांखाली पाणी ढकलते. पूर्वी कुंभाराची नळीची कौले असत. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगलोरला कारखाना काढल्यावर चपटी, एकमेकांत अडकणारी मंगलोरी कौले किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. त्याच उघड्या सांध्यांतून आतली गरम हवाही निघून जाते. पण या छपराचा खरा गुण वळचणीत आहे. भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे आलेली ही कड मातीच्या किंवा जांभ्या दगडाच्या भिंतीला पाऊस लागू देत नाही. वीतभर छज्जा काढून बांधलेल्या स्लॅबच्या घरांत ओल उतरते ती बहुधा भिंतीतूनच.

कौलांना माणूस लागतो. मृगाआधी दरवर्षी शाकारणी म्हणजे कौले काढून पुन्हा नीट बसवणे, माकडांनी फोडलेली कौले बदलणे, वाळवी लागलेला वासा काढणे. शाकारणी करणारे गावात मिळेनासे झाले, हे कोकणात स्लॅब येण्याचे मोठे कारण. वादळ ही दुसरी भीती. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड किनाऱ्यावर असंख्य घरांची कौले आणि पत्रे उडाले.

धाब्याची रीत वेगळी. तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर काटक्या आणि पाला, वर मातीचा जाड थर. खानदेशात त्यावर खारी माती, कारण ती भिजली की घट्ट बसून पाणी मुरू देत नाही. मातीच्या जाडीमुळे दुपारचे ऊन आत पोचत नाही. वर मिरच्या, पापड, कुरडया वाळतात आणि उन्हाळ्यात घरदार झोपते. कोकणात वाळवण खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात होते, त्यामुळे तिथे छपराकडून ही अपेक्षाच नव्हती.

गळती थांबवायला मात्र दरवर्षी नवी माती चढते आणि वजन वाढत जाते. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळल्या आणि ही जड माळवदे झोपलेल्यांवर आली. जिथे माळवदाचा भार भिंतीऐवजी लाकडी खांबांवर होता, तिथली काही घरे तगली.

काँक्रीटच्या स्लॅबला शाकारणी नको, माकडांची भीती नाही, आणि पुढे मजला चढवता येतो. अनेकांची निवड या शेवटच्या कारणाने ठरते. गच्चीवर उघड्या ठेवलेल्या सळया त्याचीच खूण. पण चार-पाच इंचांचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्री खोलीत सोडतो. सपाट म्हणतात तो स्लॅबही सपाट नसावाच. कोब्याला, म्हणजे स्लॅबवरच्या सिमेंटच्या थराला, शंभर फुटांना निदान एक फूट उतार हवा, नाहीतर पाणी साचते, भेगांतून मुरते आणि आतली सळई गंजवते. कोकणात आज स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून पत्र्याचे उतरते छप्पर घातलेली घरे गावोगाव दिसतात. दोन छपरांचा खर्च करून माणसे पुन्हा उतारावरच आली.

हिशेब अवघड नाही. 1000 चौरस फुटांच्या छपरावर 3000 मिमी पाऊस म्हणजे सुमारे 2 लाख 80 हजार लिटर पाणी; 600 मिमीच्या प्रदेशात ते 56 हजार लिटर भरते. पहिले पाणी लवकर घालवायचे असते, दुसरे साठवायचे. म्हणून कोकणात मोठ्या वळचणीचे उतरते छप्परच घालावे. लाकूड परवडत नसेल तर लोखंडी वाशांवर कौले चालतात. पठारावर गच्ची सोयीची आहे. तिला वरून पांढरा चुना द्यावा आणि पन्हळीचे तोंड टाकीकडे वळवावे.