डिग्रेडेड म्हणजे मिसप्लेस्ड नव्हे

सेफ (Ceph) म्हणजे अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र जोडून त्यांवर डेटाच्या प्रती ठेवणारी स्टोरेज प्रणाली. तिच्या क्लस्टरमध्ये नव्या डिस्क घातल्या की थोड्याच वेळात कोणीतरी धावत येतं: "तीस टक्के डेटा गेला, रिकव्हरी चालू झालीय!" काहीही गेलेलं नसतं. पडद्यावर ‘मिसप्लेस्ड’ असतं आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात ‘डिग्रेडेड’. हा घोळ मी इतक्या वेळा निस्तरलाय की आता एकदा सविस्तर लिहितोच.

थोडा दोष सेफचाही आहे. डेटा वाचवणं चालू असो की नुसतं हलवणं, स्टेटसमध्ये दोन्हींचा वेग ‘रिकव्हरी’ याच नावाखाली दिसतो. हे मला कधीच पटलेलं नाही.

डिग्रेडेड तुम्हाला ठाऊकच आहे. तीन प्रती हव्यात, दोनच उरल्या. तिसरी लवकर तयार व्हायला हवी. इथे घाई रास्त आहे.

मिसप्लेस्डमध्ये तिन्ही प्रती शाबूत असतात, फक्त जुन्या पत्त्यावर. डिस्क वाढल्या की क्रश, म्हणजे कोणती प्रत कुठल्या डिस्कवर हे ठरवणारं सेफचं गणित, नवा हिशेब मांडतं आणि काही प्लेसमेंट ग्रुपांना (पीजींना, म्हणजे डेटाच्या तुकड्यांच्या, ऑब्जेक्टच्या, गटांना) नवे पत्ते मिळतात. हे नवे पत्ते म्हणजे ‘अप सेट’. पण नव्या डिस्कवर अजून काहीच नाही, म्हणून काम जुन्याच डिस्क करत राहतात. तो ‘ॲक्टिंग सेट’. स्टेटसमध्ये ‘रिमॅप्ड’ दिसतं ते एवढ्यासाठीच. मागे बॅकफिल, म्हणजे डेटा भरण्याचं काम, एकेक ऑब्जेक्ट नव्या डिस्कवर नेत असतं. दरम्यान कोणी लिहिलं, तर जे ऑब्जेक्ट आधीच पोचलंय त्यावरचं लिखाण नव्या डिस्कवरही जातं. जे पोचायचंय त्याचं फक्त जुन्यांवर, कारण त्याची पाळी आली की ते ताजंच नेलं जाणार. सगळा पीजी नव्या जागी लागला की मगच जुनी प्रत पुसली जाते. नव्या घरात सामान लागेपर्यंत जुन्या घराची किल्ली आपण सोडत नाही, तसंच. म्हणून वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या ॲप्लिकेशनला यातलं काही कळत नाही. फार तर डिस्कवरचा ताण जाणवतो.

आणि नेमकं अशा वेळी घाबरून कोणीतरी ओएसडी (एकेक डिस्क सांभाळणारा प्रोग्राम) रीस्टार्ट करत सुटतं. एक बंद पडला की त्याच्यावरचे पीजी खरोखर डिग्रेडेड होतात. दोन वेगळ्या होस्टवरचे एकाच वेळी पडले आणि मिन-साइझ (काम चालू राहायला लागणाऱ्या किमान प्रती) २ असेल, तर ज्या पीजींच्या प्रती त्या दोन्हींवर होत्या त्यांचं वाचन-लेखन थांबतं. नुसतं सामान हलत होतं. बंद आपण पाडलं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

हलवणं थांबवायचंच असेल तर क्लस्टरला ‘नोरिबॅलन्स’ हा फ्लॅग लावा, ‘नोबॅकफिल’ नको. नोरिबॅलन्स फक्त मिसप्लेस्ड पीजींना रोखतं, डिग्रेडेड असेल त्याला जाऊ देतं. नोबॅकफिल दोघांनाही अडवतं, आणि नंतर ते काढायला लोक विसरतात.

जुनी डिस्क निवृत्त करतानाही हाच फरक. आधी ओएसडी थांबवलात, तर एक प्रत कमी करून सुरुवात केलीत. चालू ठेवूनच ‘आउट’ केलात, म्हणजे क्रशच्या हिशेबातून वगळलात, तर तिन्ही प्रती जागेवर राहतात आणि तीच डिस्क स्वतःचा डेटा पुढे द्यायला मदत करते. डेटा हलून झाला की ‘सेफ-टू-डिस्ट्रॉय’ या आज्ञेने डिस्क काढली तर चालेल का ते विचारा, होकार आला की मगच डिस्क थांबवून काढा. डिस्क स्वतःच मरायला टेकली असेल तर गोष्ट वेगळी. एरवी मी याखेरीज दुसरी रीत मान्य करत नाही.

वेगाबद्दल थोडकंच. सेफच्या क्विन्सी आवृत्तीपासून (२०२२) एमक्लॉक, म्हणजे क्लायंट आणि रिकव्हरी यांत डिस्कचा वेळ वाटून देणारं गणित, मुळातच चालू असतं, त्यामुळे ओएसडी-मॅक्स-बॅकफिल्सचा (एका ओएसडीवर एकाच वेळी किती बॅकफिल) आकडा बदलून काही होत नाही. आधी असा बदल मानायला लावणारं ओव्हरराइड सुरू करावं लागतं. त्यापेक्षा दिवसा क्लायंटला झुकतं माप देणारं प्रोफाइल ठेवा, रात्री रिकव्हरीला देणारं.