ॲव्हरेज पडतं ते का?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलं की गाडीचं ॲव्हरेज पडतं, ही तक्रार खरी आहे आणि तिच्यामागे साधा हिशेब आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, इथेनॉलमधून जेमतेम २१. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीपासूनच असतो, वजनाच्या जवळजवळ ३५ टक्के. तो जळून उष्णता देत नाही, टाकीत जागा मात्र अडवतो. ८०:२० चं मिश्रण केलं तर लिटरमागे सुमारे ७ टक्के ऊर्जा कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्केच घट धरली होती.

म्हणून इथेनॉलला कमअस्सल ठरवणं मात्र अन्यायाचं होईल. त्याचा ऑक्टेन आकडा, म्हणजे आपणहून पेट न घेता दाब सोसण्याचं माप, शंभराच्या वर; २० टक्के मिश्रण येण्याआधी आपल्या साध्या पेट्रोलचा ९१ होता. सिलिंडरमध्ये पिस्टन इंधन-हवेचं मिश्रण दाबतो. दाब फार झाला की त्यातला काही भाग ज्योत पोचण्याआधीच आपणहून पेट घेतो. घाटात वरच्या गिअरमध्ये गाडी रेटली की येणारा टकटक आवाज तो हाच. इथेनॉल जास्त दाब सहज सोसतं, शिवाय वाफ होताना आतली हवा पेट्रोलपेक्षा बरीच जास्त गार करतं. इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, त्या बेताने वाढवला, तर गमावलेलं थोडंफार वसूल होतं. आपल्याकडची बहुतेक इंजिनं पेट्रोलच्याच मापाने बेतलेली आहेत. अवगुण पदरात पडले, गुण वाया चालले, असा हा प्रकार.

ब्राझीलने हा प्रश्न इंजिनापासूनच हाताळला. तिथे १९७९ मध्येच निव्वळ इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ बाजारात आली, आणि २००३ पासून फ्लेक्स-फ्युएल गाड्या. त्यात पेट्रोल भरा, इथेनॉल भरा, नाहीतर दोन्हींची सरमिसळ करा. एक्झॉस्टमधला सेन्सर उरलेला ऑक्सिजन मोजतो आणि त्यावरून किती इंधन फवारायचं ते गाडीचा संगणक ठरवतो. थंडीत इथेनॉलची वाफ लवकर होत नाही, म्हणून अशा कित्येक गाड्यांत फक्त स्टार्टपुरती पेट्रोलची छोटी टाकी वेगळी असे.

जुन्या कार्ब्युरेटरच्या स्कूटरकडे यातलं काहीच नाही. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ च. कार्ब्युरेटर हवेत इंधन मिसळतो, पण इंधन सोडणाऱ्या त्याच्या जेटचं भोक ठरलेलं, त्यामुळे इथेनॉल वाढलं की इंधनाच्या मानाने हवा जास्त होते. जुने रबरी पाइप आणि वायसरही इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात. त्यात पावसाळाभर गाडी उभी राहिली तर इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याशी जमवून घेतं आणि दोघं टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनाकडे जाणारं इंधन नेमकं तळातूनच उचललं जातं. जुनी गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल, तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवणं बरं.



पाण्याचा खरा खर्च शेतात आहे. नीती आयोगाच्याच अहवालानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. मराठवाड्यात जिथे उन्हाळ्यात टँकर फिरतात, तिथेही ऊस उभा असतो. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेचं उत्पादन घटण्याच्या भीतीने केंद्राने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आणले, तेव्हा डिस्टिलऱ्या मक्याकडे वळल्या. मक्याला पाणी कमी लागतं, पण कोंबड्यांच्या खाद्यातही मुख्य वाटा त्याचाच असतो.